साहेब दोन एमबीत बसतात

मंगल कार्यालयात आचाऱ्यानंतर सगळ्यांत आधी हजर होणारा आणि वरात गेल्यावरही वायरी गुंडाळत बसलेला माणूस म्हणजे लाइव्हवाला. त्याचा संसार एका फोल्डिंग टेबलावर मांडलेला असतो: तापलेला लॅपटॉप, त्याला वारा घालणारा टेबलफॅन, एक्स्टेन्शन बोर्डांची चळत आणि दोन कंपन्यांची दोन सिमं घातलेला राउटर. टेबलाची जागा स्टेजच्या कडेला, आइसक्रीमच्या काउंटरला लागून. येणारा-जाणारा पाहुणा खाऊन झालेली वाटी लॅपटॉपशेजारी ठेवून जातो. त्यातली एखादी सांडली की मुंबई-दुबईचे नातेवाईक लग्नाला मुकतील, हे कुणाच्या गावी नसतं.

मुळात हा शूटिंगवाल्याच्या घराण्यातला. आधीच्या पिढीनं ‘मिक्सिंग’च्या नावाखाली गुलाबाच्या फुलातून नवरा-नवरी बाहेर काढली, बदामात सासू-सासरे बसवले. मग 2020 साल आलं. सरकारनं लग्नाला 50 माणसं नेमून दिली. 2021च्या एप्रिलात तर महाराष्ट्रात 25 माणसं आणि दोन तास. पत्रिकेत ‘सहकुटुंब सहपरिवार’च्या खाली लिंक छापायची वेळ आली आणि हा टेबल घेऊन मांडवात शिरला. निर्बंध उठले, हा उठला नाही.

त्याचं जगाशी एकच भांडण आहे: माणसं हलतात.

ते भांडण तो नवरीच्या बापालाही समजावून सांगतो. एच-टू-सिक्स-फोर नावाची एन्कोडिंगची पद्धत 2003 साली ठरली आणि आजही गावोगावची लग्नं तिच्याच जिवावर लागतात. ती सेकंदाची पंचवीस चित्रं पूर्ण पाठवत नाही. एक पूर्ण पाठवते, त्याला कीफ्रेम म्हणायचं. मग दोन सेकंद, म्हणजे पुढची कीफ्रेम येईपर्यंत, काय बदललं तेवढंच कळवते. गल्लीतली म्हातारी पहिल्या भेटीत कूळ, गाव, जमीन सगळं विचारून घेते आणि नंतर रोज फक्त ‘काय नवीन?’ म्हणते, तसंच. नवीन काही नसेल तर कमी नेटमध्येही चित्र लख्ख. आणि मराठी लग्नात दर क्षणाला नवीन असतं.

त्यातही अक्षता. ‘सावधान’ म्हटलं की पाचशे हातांतून तांदूळ उडतात. प्रत्येक दाण्याची वाट वेगळी, कुठला कुठं जाईल याचा एन्कोडरला अंदाज नाही. बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, मात्र 4,500 केबीपीएसवर बांधलेला. मग चित्राचे चौकोन होतात. साऱ्या सोहळ्यात पाहुणे डोळे लावून बसतात त्या एका मिनिटात नवरदेवाच्या जागी बुंदीच्या रंगाच्या फरशा दिसतात. म्हणून हा भटजींना आधीच गाठतो. “गुरुजी, अक्षता जरा कमी टाकायला सांगा. नाहीतर पाकळ्या चालतील, त्या मोठ्या असतात.” गुरुजी एकदा त्याच्याकडे बघतात, एकदा माइककडे, आणि नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत मंगलाष्टक सुरू करतात.

लाइव्ह म्हणजे ‘आत्ता’ असं बापुड्या जगाला वाटतं. पण व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पडतात आणि पलीकडचा फोन दोन-तीन तुकडे साठवल्याशिवाय सुरूच करत नाही. म्हणून न्यू जर्सीच्या मावशी फोन करून “ताई, पदर सावर” म्हणतात, तेव्हा तो सावरून अर्धं मिनिट झालेलं असतं आणि ताई दुसऱ्यांदा सावरतात.

वर गाण्यांची भीती. यूट्यूबचं कॉन्टेन्ट आयडी नावाचं यंत्र 2007पासून दुसऱ्याचं गाणं ओळखायच्या कामावर आहे. नवरीच्या एन्ट्रीला डीजेनं सिनेमाचं गाणं लावलं, की हा झडप घालून आवाज बंद करतो. कार्यालयात धरणीकंप, लिंकवर नवरी गुपचूप, पोलिसांना हजर व्हावं तशी चालत येते.

लग्नांखेरीजही त्याची कामं असतात आणि त्या साऱ्यांना तो एकाच मापानं मोजतो. जेजुरीची सोमवती म्हणजे त्याच्या मते साक्षात संकट: भंडारा उधळला की गडासकट सगळं पिवळं आणि त्या पिवळ्याचेही चौकोन. बैलगाड्याच्या घाटात बारी काही सेकंदांची, आणि नेमकी निकालाच्या रेषेवर धूळ. कीर्तनात महाराज बरे. पण मागचे टाळकरी उड्या मारतात. त्याचा जीव रमतो तो साहेबांच्या सभेत. मागं फ्लेक्स, पुढं माइक, मध्ये साहेब. “साहेब दोन एमबीत बसतात,” तो कौतुकानं सांगतो. साहेब पक्ष बदलतात, पण उभं राहायची ढब बदलत नाहीत. एन्कोडरला तेवढं पुरतं.

आणि सर्वांत वर, दशक्रिया. आमच्याकडे नदीकाठी प्रवचनासह दशक्रिया होते आणि तिचंही लाइव्ह असतं. मंडळी स्तब्ध, पिंड स्तब्ध, सगळ्यांच्या नजरा कावळ्यावर. हलणारा जीव एकच, तोही बराच वेळ येत नाही. दीड एमबीत काठावरचं गवत मोजून घ्यावं असं चित्र! एकदा तो भरात येऊन मयताच्या थोरल्या मुलाला म्हणाला, “दादा, फार सुंदर झाली बघा.” थोरल्यानं उरलेले पैसे अजून दिलेले नाहीत.

पैशांची त्याची तऱ्हा वेगळीच. कुणी विचारलं तर भाबडेपणानं सांगून टाकतो की ज्यावर हे चालतं ते ओबीएस सॉफ्टवेअर फुकट मिळतं. “मग आम्ही पैसे कशाचे द्यायचे?” हा प्रश्न त्यानंतर लगेच येतो. तासाला दोन जीबी जातात, म्हणजे सामान्य माणसाचा दिवसभराचा डेटा, हे तो सांगू लागतो तोवर बाप पुढच्या पंगतीकडे वळलेला असतो. कार्यालयाच्या वायफायचा पासवर्ड मागावा, तर मॅनेजर म्हणतो, मालकांना विचारावं लागेल. मालक पंगतीत असतात.

लग्नाचा पेन ड्राइव्ह हे वेगळंच प्रकरण. लाइव्ह झालं ते कच्चं. मिक्सिंग व्हायचं असतं. पहिल्या महिन्यात फोन केला तर उत्तर येतं, “रेंडरला लावलंय.” दिवाळीत केला तरी तेच. संक्रांतीला नवरीनं स्वतः विचारलं, तेव्हा ‘फक्त एक्स्पोर्ट राहिलंय’ इतकी प्रगती झालेली. कॉम्प्युटर खरोखर रात्रभर धापा टाकत असतो, यात खोटं काही नाही. फक्त तो कुणाच्या लग्नासाठी धापा टाकतोय ते विचारायचं नसतं.

शेवटी पेन ड्राइव्ह आला तो बारशाला. बारशाचंही लाइव्ह त्याच्याकडेच होतं. ओळखीचा माणूस, दुसरा कुठं शोधायचा? नवरीच्या सासऱ्यांच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवून तो टेबलामागे बसला. कुठलीही लाज चेहऱ्यावर नाही. बायका ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करून झाल्या, आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे पडले, आणि पाळणा हलायला लागला. इकडे लॅपटॉपवरचा हिरवा ठिपका पिवळा झाला. हा ताडकन उठला आणि भरल्या घरात ओरडला,

“वहिनी, पाळणा हळू! बाळ फुटतंय!”