फ्रिजमधले डेंगळे

आईच्या मिनियापोलिसमधल्या मुक्कामाची ती तिसरी सकाळ. पोह्यांसाठी कांदा शोधताना तिला फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवी सापडली. आत बारा कांदे. एकावर सुरी टेकवली तेवढ्यात मी जिन्यावरून ओरडलो, "आई, विषारी आहे तो!"

आई निफाडची. कांदा फ्रिजमध्ये ठेवणारा तिच्या लेखी माणसात जमा नाही, आणि तिच्या पोराच्या घरात आता विषारी कांदे निघाले होते.

मी समजावलं. हे फुलांचे कंद. हायसिंथ, ट्युलिप, डॅफोडिल. (हायसिंथ म्हणजे आपल्या नद्या गिळणारी जलपर्णी नव्हे, इंग्रजीत दोघींचं आडनाव एक पडलं एवढंच.) इथं बाहेरची फुलं बघायला एप्रिल-मे उजाडतो. तोवर माणूस वेडा होऊ नये म्हणून कंदाला गंडवायचं. २ ते ९ अंश गारव्यात हायसिंथला दहा-बारा, ट्युलिपला चौदा-पंधरा आठवडे डांबायचं. हिवाळा सरला अशी त्याची समजूत झाली की उबेत आणायचं, की भर बर्फात फुलं. इंग्रजीत याला चक्क 'फोर्सिंग' म्हणतात. शेजारी सफरचंद मात्र ठेवायचं नाही. पिकत्या सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि कंदातली कळी आतल्या आत मरते. म्हणून आमची सफरचंदं गॅरेजमध्ये हद्दपार. जानेवारीत तिथलं एक चावायला गेलो तर दाताच्या डॉक्टरकडे जायची वेळ आली.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे डेंगळे आणायचे की रे!"

मी गप्प. कारण शास्त्र जवळपास तेच होतं. निफाडात थंडी लांबली की रांगड्या कांद्यातून पोकळ दांडा वर येतो, टोकाला फुलाचा गेंद. मग कांदा पोसत नाही, टिकत नाही, आणि लिलावात व्यापारी तो हातात धरून असं तोंड करतो की शेतकऱ्यालाच अपराधी वाटावं. "तुझ्या वडलांनी जन्मभर ज्याला शिव्या घातल्या," आई म्हणाली, "ते तू डॉलर मोजून आणतोस?"

डिसेंबरात पेपरव्हाइट मांडले. ही नर्गिसाची जात. हिला गारवा लागत नाही. बशीत खडे, खड्यांत कंद, बुडाला पाणी, आणि चार-सहा आठवड्यांत फुलं. खोड एकच, उंच वाढते आणि फुलं आली की आडवी होते. यावर कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी उपाय काढलाय. कोंब बोटाच्या दोन पेरांएवढा झाला की साध्या पाण्याऐवजी पाच टक्के मद्याचं पाणी द्यायचं. दांडा तिसऱ्या हिश्शानं आखूड राहतो, फुलं मात्र तेवढीच. बिअर, वाइन चालत नाही, त्यातली साखर बाधते. आईसमोर व्होडकाची बाटली काढायला मला इतकं शास्त्रशुद्ध कारण आयुष्यात मिळालं नव्हतं. एक भाग व्होडका, सात भाग पाणी. आई मापाकडे कमी आणि बाटलीतल्या पातळीकडे जास्त बघत होती. पण रोप ताठ उभं राहिलं. प्यायल्यावर सरळ उभा राहणारा बेवडा तिनं प्रथमच पाहिला.

वासाबद्दल मात्र घरात फूट पडली. त्या फुलात इंडोल नावाचं द्रव्य असतं. ते मोगऱ्यातही असतं, आणि जिथं असू नये असं वाटतं तिथंही असतं. बायकोला मोगरा आठवला. आईला माझं बाळपण.

२ फेब्रुवारीला इथं वसंत कधी येणार हे पेनसिल्व्हेनियातल्या एका घुशीच्या मोठ्या भावाला विचारतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर आणखी सहा आठवडे थंडी. मला वाटलं आई हसेल. तिला ते बिनतक्रार पटलं. "आपला नंदीबैल नाही का मान हलवत?" एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात हायसिंथ फुलला. काचेच्या उभ्या भांड्यात, पाण्याच्या जरा वर कंद, खाली पांढऱ्या मुळ्यांची दाढी. दांडा लांबावा म्हणून मी त्याला कागदाची टोपी घातली होती. ती रोज सकाळी उचलून आई डोकावायची आणि "अजून झोपलाय" म्हणून परत ठेवायची. बाहेर उणे २२, आत निळा तुरा. आईनं भांडं देव्हाऱ्याशेजारी नेलं. फूल तोडू मात्र दिलं नाही, देवालासुद्धा.

रविवारी तिनं निफाडला व्हिडिओ कॉल लावला आणि भांडं अभिमानानं कॅमेऱ्यापुढं धरलं. पलीकडं माझा भाऊ, मागं त्याचं कांद्याचं रान, त्यात जागोजाग पांढरे गेंद. यंदा थंडी लांबली होती. त्यानं डोळे बारीक करून फोन जवळ घेतला.

"अगं आई, तिकडंपण डेंगळे? बघत काय बसलीस, मोड आधी!"