तळ्याकाठचा समुद्र

चापाला हे मेक्सिकोतले सर्वांत मोठे सरोवर. त्याच्या उत्तर काठावरच्या आहिहिक गावात निवृत्त अमेरिकन आणि कॅनडियन मंडळींची मोठी वस्ती आहे. हवापाण्याचे कौतुक करून झाले की या वस्तीत एकच वाद उरतो: स्टेक कुठला चांगला आणि कोळंबी कुठली?

स्टेकची परीक्षा जाडीवर होते. स्थानिक पद्धतीचा आर्राचेरा, म्हणजे मुरवून निखाऱ्यावर भाजलेला पातळ तुकडा, तोर्तियात गुंडाळून खायचा असतो. पण तो टेक्सासच्या तुकड्यासारखा दिसत नाही, हा त्याचा गुन्हा. मायदेश सोडून इतक्या लांब यायचे आणि ताटात मात्र मायदेशच शोधायचा, ही परीक्षकाची मुख्य पात्रता.

समुद्री खाण्याची गंमत आणखी वेगळी. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर. पॅसिफिकची कोळंबी डोंगर चढून, बर्फात बसून येते आणि ‘ताजी’ म्हणून गुण मिळवते. समोरच्या पाण्यातल्या बोटभर चाराल माशाला या तुलनेत जागाच नाही. तो मांदेलीसारखा अख्खा, कुरकुरीत तळून लिंबू-मिरचीबरोबर कागदात मिळतो. कागदाला तारे कोण देणार? तळ्यातला मूळचा पांढरा मासा तर आता दुर्मीळ झाला आहे. त्याच्या पाण्यात आफ्रिकेतून आलेला तिलापिया सुखाने नांदतो. त्याच्या स्थलांतरावर काठावरचे कोणी फारसे बोलत नाही.