सहाचं जहाज, कर्जतचे अडीच तास

‘जहाज सकाळी आठला मुंबईला लागतंय, संध्याकाळी सहाला सुटतंय. एवढ्यात कर्जत होईल का?’ परदेशी स्थायिक झालेल्या भाच्या-पुतण्यांकडून असा निरोप आला, की आपली माणसं उत्साहाने यादी करायला बसतात. कोंढाण्याची लेणी, नेरळहून माथेरानची गाडी, महडचा वरदविनायक, खोपोलीचं इमॅजिका, वाटेत एखादा धबधबा आणि जेवण कुणाच्या तरी फार्महाऊसवर. यादी झकास होते. फक्त घड्याळाकडे कुणी बघत नाही.

आपण बघू. जहाज आठला बॅलार्ड पियरला लागलं तरी प्रवासी आठला रस्त्यावर येत नाही. कागद, शिक्के, रांग यांत साडेनऊ धरा. टॅक्सीने सीएसएमटी गाठून लोकल पकडेपर्यंत दहा. कर्जत शंभर किलोमीटर, म्हणजे फास्ट गाडीनेही दोन तास धरावेत. बारा वाजले. आता उलटीकडून मोजा. सहाला सुटणाऱ्या जहाजावर साडेपाचच्या आत चढावं लागतं. म्हणून साडेचारला सीएसएमटी, म्हणून अडीचला कर्जत स्टेशन. हातात उरले अडीच तास. दुपारी कर्जतहून गाडी दहा-दहा मिनिटांनी सुटत नाही, एक चुकली की हिशेब कोसळला. जहाज रविवारी येत असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी बघितल्याशिवाय पाहुण्याला ‘या’ म्हणूच नका.

क्रूझवाले ज्याला शोअर एक्सकर्शन म्हणतात, त्याचं पहिलं कलम हेच: आधी परतीची वेळ, मग ठिकाण. जहाजाच्या कंपनीने काढलेली सहल उशिरा पोचली तर निस्तरायची जबाबदारी कंपनीवर असते. आपल्या भरवशावर उतरलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. त्याला पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठावं लागतं. हे माहीत असूनही ‘बघू, होईल’ म्हणणाऱ्या यजमानाने पाहुण्याचं विमानाचं तिकीटही काढून ठेवावं.

तेव्हा कोंढाणे कटाप. मला ती लेणी फार प्रिय आहेत, म्हणूनच ठामपणे सांगतो. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, इसवी सनापूर्वीचं कोरीव काम. चैत्याच्या दर्शनी भागावर लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात उतरवलेली आहे. डाव्या हाताला एका भग्न यक्षमूर्तीच्या डोक्याशेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढाच तिचा आशय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराने आपलं नाव आणि गुरूचं नाव मागे ठेवलंय. ती ओळ बोट ठेवून दाखवायला, आणि समोरच्याला ती नीट दिसायला, निवांत वेळ लागतो. पायथ्याच्या कोंदिवडे गावाहून वर चढायला तासभर तर जातोच, नवख्याला जास्त. धापा टाकत पोचून, एक फोटो काढून, उतरायला लागणं म्हणजे त्या बलकाचा अपमान आहे. जहाज मुंबईला मुक्काम करणार असेल, दुसऱ्या दिवशी सुटणार असेल, तर कोंढाणे जरूर न्या, आणि त्या दिवशी फक्त कोंढाणे न्या.

माथेरानचंही तेच. १९०७ साली सुरू झालेली ती छोटी गाडी घाट चढायला दोन तासांहून जास्त घेते, आणि तिची मजाच त्या संथपणात आहे. घाईच्या माणसाला दस्तुरीपर्यंत टॅक्सीने चढवायचं, लाल मातीत चार पावलं चालवायचं आणि परत फिरवायचं, याला माथेरान दाखवणं म्हणत नाहीत.

आता धबधबा. या विषयावर मला खरोखर राग येतो. मुंबईला क्रूझ जहाजं पावसाळा संपल्यावर येतात, साधारण दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. आणि आपल्या भागातल्या सहलींच्या जाहिरातींत फोटो असतात जुलैचे. हिरवेगार डोंगर, लेण्यावरून कोसळणारा पाण्याचा पडदा, खाली ओले झालेले पर्यटक. जानेवारीत पाहुणा येतो तेव्हा डोंगर पिवळट, कातळ कोरडा. पाहुण्याला वाटतं आपण फसलो, आणि ते खरंच असतं. शिवाय जुलैत तो आला असता तरी काय? दर पावसाळ्यात माणसं बुडतात आणि प्रशासनाला धबधब्यांवर बंदीचे आदेश काढावे लागतात. ज्या महिन्यात जाहिरातीतला फोटो खरा असतो, त्या महिन्यात तिथे जायची बहुधा मनाई असते. जाहिराती करणाऱ्यांनी हिवाळ्याचे फोटो हिवाळ्यातच काढावेत. माघातली पानं गळलेली, लालभडक फुलांची काटेसावर काही कमी देखणी नसते.

अडीच तासांत काय दाखवता येतं? पुष्कळ. सुरुवात स्टेशनातच होते. पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून बँकर लागतात, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं. बोरघाटाची चढण सदतीसाला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. १८६३ साली हा घाट रेल्वेला खुला झाला, आणि तो चढायला लांब गाडीला आजही मागून रेटा लागतो. इंजिन हळूहळू मागे येतं, बफरला बफर टेकतो, खटका बसतो, तेवढ्यात खिडक्यांतून हात बाहेर येतात आणि वडेवाल्यांची धावपळ सुरू होते. दिवाडकरांचा वडा गावोगाव प्रसिद्ध झाला तो या थांब्यामुळे. पाहुण्याला फलाटावर उभं करा आणि हे बघू द्या. चढायचं नाही, उतरायचं नाही, वेळ जेमतेम वीस मिनिटं. आठवडाभर जहाजावर राहिलेल्या माणसाला यंत्राची कदर असते.

मग रिक्षाने जवळच्याच एखाद्या गावात. नोव्हेंबरात आला तर खळ्यावर भाताची झोडणी चालू असेल. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणांना गावाचंच नाव आहे, ‘कर्जत ३’ वगैरे. कोकणातला शेतकरी दुकानात जाऊन कर्जतच्या नावाचं बियाणं मागतो, ही गोष्ट पाहुण्याला सांगा आणि त्याच भाताचं जेवण वाढा.

पौष-माघात आला तर पोपटी. रायगडच्या बाहेर हा प्रकार फारसा कुणाला ठाऊक नाही, आणि पाहुण्याला दाखवण्यासारखं आपल्याकडे याच्याहून चांगलं काही नाही. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे अंडी, बटाटे, रताळी, खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी. पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि चारी बाजूंनी पेंढा-काटक्या रचून जाळ लावायचा. अर्ध्या तासाने जाणता माणूस मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारतो. पाणी चर्रकन उडून गेलं की झाली पोपटी. मग मडकं काठीने आडवं करून पाला ओढून काढतात, आणि भांबुर्ड्याचा जो कडवट, औषधी वास सुटतो तो शेंगेच्या सालीसकट आत मुरलेला असतो. पाहुण्याला ताटात वाढून देऊ नका. कागदावर ओतलेल्या ढिगाभोवती बसवा आणि शेंगा सोलू द्या. पोपटी खरं तर रात्रीची, थंडीतली. पण दुपारीही ती लागते, फक्त साडेबाराला मडकं जाळावर असलं पाहिजे. म्हणजे भांबुर्डा सकाळी तोडलेला हवा, म्हणजे गावातल्या माणसाला दोन दिवस आधी सांगायला हवं.

ज्याला रेल्वे नको, मोटार हवी, त्याला खालापूरकडे न्या. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं तेव्हापासून शिवडीहून खाडी ओलांडून पनवेल, चौक, खालापूर हा रस्ता बराच सुटसुटीत झालाय. महडला वरदविनायकाचं १७२५ सालचं देऊळ आहे. चतुर्थी, मंगळवार आणि रविवार टाळा, रांगेतच अडीच तास जातील. खोपोलीत शिरताना डोंगरावरून खाली उतरणारे जाडजूड नळ दाखवा. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी त्यांतून टाटांच्या वीजघरात येतं. १९१५ पासून तिथली वीज मुंबईला गेली आणि गिरण्या चालल्या. दोन मिनिटं गाडी थांबवून हे सांगणारा माणूस सोबत असला, की तो नुसता रस्ताही सहल होतो. शनिवारी सकाळी मात्र द्रुतगती मार्गाच्या नादी लागू नका. पुण्याकडे निघालेली अर्धी मुंबई तिथे उभी असते.

आणि सहलीत काय घालायचं नाही, तेही स्पष्ट बोललं पाहिजे. इर्शाळगडाच्या वाटेवरची ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता जाहीर झाले. वर्षानुवर्षं इर्शाळगडाला जाणारे ट्रेकर त्या ठाकरांच्या अंगणात पाणी पिऊन पुढे गेले. ती जागा कुणी ‘पॉइंट’ म्हणून दाखवत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

दुसरं, ‘आदिवासी गावाला भेट’. आपल्याकडचे आदिवासी ठाकर आणि कातकरी. रिसॉर्टच्या भिंतींवर चित्रं मात्र वारल्यांची, कारण ती विकली जातात. पाहुण्याला ठाकर आणि वारली यांतला फरकही न सांगता ‘ट्रायबल’ म्हणून फोटो काढायला लावणं हा आळस आहे. दिवाळीनंतर, ऐन क्रूझच्या हंगामात, अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, पार पावसाळ्याच्या तोंडाला परततात. वाडीत उरतात म्हातारी माणसं आणि बंद दारं. त्यांच्यासमोर मोबाइल धरून उभं राहायचा आपल्याला अधिकार नाही. वाडीतल्या कुणी ‘या’ म्हटलं तर जावं, बोलावलं तेवढाच वेळ बसावं.

एवढं करूनही कुणाचं जहाज चारलाच सुटणार असेल, तर कर्जतचा हट्ट सोडा. बेट बघायचं, गाइड घ्यायचा, थोडक्या वेळात परत यायचं, हे सगळं आपल्याच रायगड जिल्ह्यात घारापुरीला होतं. बॅलार्ड पियरहून गेटवे जवळ, तिथून लाँचने साधारण तासभर. वर १२० पायऱ्या, आणि मग जवळजवळ वीस फुटी सदाशिव. सोमवारी लेणी बंद असतात. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर ‘नीलकमल’ लाँचला नौदलाची स्पीड बोट धडकली आणि माणसं गेली. म्हणून लाँचवर पाय ठेवताच लाइफ जॅकेट अंगात, पायाखाली नव्हे. आणि जेवण बेटावरच्या गावकऱ्यांकडे घ्या. जागतिक वारसा १९८७ पासून मिरवणाऱ्या या बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती २०१८ साली. त्यांच्या हातात दोन पैसे आधीच पडायला हवे होते.

राहिला गाइड. गावातलाच घ्या, त्याला नुसता वाटाड्या समजू नका. ‘आता मागे फिरायचं’ हा शब्द त्याचा, आणि तो पाहुण्याने, यजमानाने आणि रिक्षावाल्याने मानायचा, हे निघतानाच सगळ्यांसमोर बोलून ठेवा. बायकांना स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल हे त्याला आधी विचारा. उत्तर ‘बघू’ आलं तर ठिकाण बदला. पैसे किती ते आदल्या दिवशी ठरवा आणि निम्मे आगाऊ द्या. हवा बिघडली की जहाज बंदर टाळून पुढे जातं, असं होतं. त्या दिवशी भांबुर्डा तोडलेला असतो, शेंगा घेतलेल्या असतात, त्याने भट्टीवरची किंवा शेतावरची मजुरी सोडलेली असते. ते आगाऊ पैसे परत मागायचे नाहीत, आणि उरलेले निम्मेही त्याच्या घरी पोचवायचे.