आलो हं!

सकाळी साडेसहाला बसच्या दारात उभ्या असलेल्या त्या धिप्पाड माणसाने आम्हाला लांबून येताना पाहिलं आणि दोन्ही हात पसरून तो ओरडला, "अलोऽऽहा!"

"आलो हं, आलो!" मी ओरडलो आणि पावलं उचलली.

यात माझी काही चूक नव्हती. ठाण्याच्या घरात चाळीस वर्षं कुठल्याही हाकेला मी हेच उत्तर देत आलोय. सिलिंडरवाला आलाय? आलो हं. पानं वाढलीत? आलो हं. फरक इतकाच, की ठाण्यात हे म्हटल्यावर मी जागचा हलत नाही. होनोलुलूत मात्र बस सुटायला आली होती.

मुलगा सॅन होजेला असतो. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्याने सगळ्यांना हवाईला आणलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "बाबा, तुम्हाला इतिहास आवडतो ना?" हा प्रश्न आमच्या वयाच्या माणसांना विचारला जातो, तेव्हा 'आज आम्हाला जरा मोकळं सोडा' असा त्याचा अर्थ असतो. मी हो म्हणायच्या आत आमची 'शहरदर्शन आणि पर्ल हार्बर' अशी एक दिवसाची तिकिटं निघालेली होती.

बस चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच. चढताचढता त्याने आम्हाला 'अंकल' आणि 'आंटी' म्हटलं, तिथेच त्याने हिला जिंकलं. हवाईत वडीलधाऱ्यांना अशीच हाक मारायची पद्धत आहे म्हणे. दोन महिने अमेरिकेत राहून हिला पहिल्यांदाच कोणी नात्याने हाक मारत होतं. मुलाच्या शेजारची पाच वर्षांची चिमुरडीसुद्धा हिला सरळ नावाने बोलावते, आणि वर "हाय" म्हणते.

"अलोहा म्हणजे नमस्कार," माइकवर त्याने सुरुवात केली, "अलोहा म्हणजे निरोप. आणि अलोहा म्हणजे प्रेम!" सगळी बस "ओऽऽ" म्हणाली. ही नाही म्हणाली.

"त्यात काय एवढं?" ही मला म्हणाली. "आपणही जाताना 'येतो'च म्हणतो की."

हा विषय आमच्या घरात नाजूक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी कोथिंबीर आणायला निघताना "जातो" म्हणालो होतो. हिने मला जिन्यातून परत बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि "येतो" म्हणायला लावून मग सोडलं. तोपर्यंत कोथिंबीर संपली होती.

पुढे उच्चारांचा तास झाला. हवाईच्या भाषेत जेमतेम तेरा अक्षरं. जसं लिहिलंय तसं वाचायचं, स्वर गिळायचे नाहीत. इथल्या एका राजकन्येच्या नावाचा मोठा रस्ता आहे, लिकेलिके. बसमधली अमेरिकन मंडळी पाटी बघून 'लाइक-लाइक' म्हणत होती. आम्ही दोघांनी पहिल्या फटक्यात बरोबर म्हटलं. बाराखडी पाठ केल्याचा फायदा पासष्टाव्या वर्षी झाला.

पहिला थांबा राजा कामेहामेहाचा पुतळा. "सात मिनिटं!" बसमधून हुकूम आला. ही सगळी बेटं १८१० पर्यंत एका छत्राखाली आणणारा हा राजा. काळा देह, सोनेरी अंगरखा, एका हातात भाला आणि दुसरा हात पुढे पसरलेला. तोही अलोहाच म्हणत असावा. मला मात्र पुतळ्यापेक्षा त्याच्या हकिगतीनेच धरून ठेवलं, कारण मी चौतीस वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यात काढली आहेत. हा पुतळा युरोपात ओतून घेतला आणि जहाजाने पाठवला. फॉकलंड बेटांजवळ जहाज बुडालं. पण पुतळ्याचा विमा उतरवलेला होता! क्लेम पास झाला आणि त्या पैशांत दुसरा पुतळा ओतला. मग बुडालेला पुतळाच सापडला. आता राजे दोन झाले. दुसरा १८८३ मध्ये होनोलुलूत बसवला आणि पहिला राजाच्या जन्मप्रांतात, मोठ्या बेटावर नेऊन उभा केला.

"म्हणजे क्लेमही मिळाला आणि मालही मिळाला?" मी हादरलो. माझ्या टेबलावर अशी फाइल आली असती, तर मी जन्मात सही केली नसती. सातातली सहा मिनिटं मी हिला सॅल्व्हेजचे नियम समजावून सांगितले. सातव्या मिनिटाला फोटो काढला. त्यात राजाचे पाय आलेत.

समोर रस्ता ओलांडला की इओलानी राजवाडा. "दहा मिनिटं! आत जायला वेळ नाही, बाहेरून फोटो!" हा राजवाडा १८८२ मध्ये पुरा झाला आणि व्हाइट हाउसच्या आधी इथे विजेचे दिवे लागले. बांधणारा राजा कालाकाउआ हौशी गृहस्थ. गादीवर असताना जगप्रदक्षिणा केलेला हा पहिला राजा. १८८१ च्या त्या फेरीत तो मुंबईतही येऊन गेला. त्यालाही कोणीतरी "सात मिनिटं!" म्हणून गाडीतून उतरवलं असेल का, असं माझ्या मनात आलं.

त्याच्यामागून गादीवर आली त्याची बहीण, राणी लिलिउओकलानी. १८९३ मध्ये गोऱ्या व्यापाऱ्यांच्या एका टोळक्याने तिला खाली खेचलं, आणि त्याच वेळी अमेरिकन जहाजावरचे सैनिक बंदुका घेऊन किनाऱ्यावर उतरले होते. दोन वर्षांनी तिच्या बाजूच्या लोकांनी उठाव करून पाहिला. तो फसला आणि राणीला तिच्याच राजवाड्यातल्या वरच्या खोलीत काही महिने कोंडून ठेवलं. ती खोलीत बसून काय करायची? गोधडी शिवायची.

"गोधडी?" ही थांबलीच. "कुठंय?"

"आत. अजून जपून ठेवलीय."

"मग बघूया की!"

"आंटी, चार मिनिटं उरली."

शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकेने रीतसर ठराव करून या सगळ्याबद्दल माफी मागितली. मी मनातल्या मनात फाइलवर शेरा मारला: क्लेम मान्य, देय रक्कम शून्य. ही मात्र बस वळेपर्यंत मान मागे करून वरच्या मजल्यावरच्या खिडक्या बघत होती. "राज्य गेलं, तिला कोंडली, आणि आपल्याला दहा मिनिटं," ती म्हणाली. "तीही फुटपाथवरून."

पुढे महामार्ग लागला. त्याचं नाव एच-वन. मुलाने या नावाच्या व्हिसापायी जी वर्षं काढली, ती आठवून माझ्या पोटात गोळा आला. इथेही लांबच लांब रांग होती आणि कोणी पुढे सरकत नव्हतं. सरकारी कागदोपत्री हा 'आंतरराज्य' महामार्ग आहे. चहूबाजूंनी समुद्र, मग दुसरं राज्य कुठलं, असं विचारलं तेव्हा ड्रायव्हर खांदे उडवून म्हणाला, "अंकल, शोधतोय आम्ही!"

पर्ल हार्बरच्या फाटकाशी खरा प्रसंग गुदरला. आत पिशवी नेता येत नाही. पाठीवरची नाही, खांद्यावरची नाही, बायकांची पर्ससुद्धा नाही. बाहेर पैसे भरून ठेवायची. आता हिची पर्स म्हणजे पर्स नव्हे, ते फिरतं बिऱ्हाड आहे. तीत क्रोसिन, लवंगा, सेफ्टी पिनांचा झुबका, सुईदोरा, आल्याच्या वड्या, घडीची छत्री, आणि कुठल्याशा विमानातून आणलेल्या मिठाच्या पुड्या असतात. काउंटरवरच्या मुलीसमोर ती जड मनाने ठेवताना हिने आत हात घालून एकच वस्तू काढली, ठाण्याच्या घराची किल्ली. "बाकी गेलं तर गेलं," म्हणाली आणि किल्ली मुठीत धरली.

आत प्रदर्शन होतं. तिथे मला माझ्या खात्याचा माणूस भेटला. ७ डिसेंबर १९४१, रविवार. बेटाच्या उत्तर टोकाला रडारवर दोन शिपाई. सातला त्यांची पाळी संपली होती, पण न्याहारीला न्यायला येणारी गाडी उशिरा येत होती, म्हणून ते यंत्रापाशी बसून राहिले. सात वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर मोठाच्या मोठा ठिपका उमटला. त्यांनी वर कळवलं. वरच्या अधिकाऱ्याला वाटलं, कॅलिफोर्नियाहून आपलीच विमानं यायची आहेत, तीच असणार. काळजीचं कारण नाही, असं सांगून त्याने फोन ठेवला. आठ वाजायला पाच मिनिटं असताना जपानी विमानांनी बंदरावर बॉम्ब टाकायला सुरुवात केली.

मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिलो. चौतीस वर्षांत मी किती फाइलींवर 'नोंद घेतली' असा शेरा मारून त्या खाली ठेवल्या, हे मला आठवत नाही. त्यांत काय होतं, तेही आठवत नाही. तेवढ्यात ही म्हणाली, "चला, बोट लागली," आणि मी "आलो हं" म्हणालो. या वेळी लगेच निघालो.

स्मारकापर्यंतची बोट नौदलाचे पोरगेलेसे खलाशी चालवतात. पांढरा गणवेश, मिसरूड नुकतं फुटलेलं. आत मोठ्याने बोलायचं नाही, अशी सूचना झाली. यूएसएस ॲरिझोना ही युद्धनौका दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन काही मिनिटांत बुडाली. तिच्यावर ११७७ माणसं मेली. नऊशेहून अधिक अजून आत आहेत. नौकेला कुठेही स्पर्श न करता, तिच्यावर आडवी अशी ही पांढरी वास्तू पाण्यात उभी आहे. तिची दोन्ही टोकं उंच आणि मध्ये खोलगट बाक. आधीचा पराभव आणि शेवटचा विजय, असा त्याचा अर्थ वास्तुकार आल्फ्रेड प्राइस सांगायचा. लोकांनी तेव्हा तिला चेपलेला दुधाचा डबा म्हणून नावं ठेवली. हा प्राइस व्हिएन्नाचा. हिटलरच्या तावडीतून सुटून होनोलुलूत आला, आणि बॉम्ब पडल्यावर अमेरिकेने शत्रुदेशाचा माणूस म्हणून यालाच छावणीत डांबलं. त्यानेच पुढे हे स्मारक बांधलं. पैसे कमी पडत होते, तेव्हा १९६१ मध्ये एल्विस प्रेस्लीचा कार्यक्रम ठेवून पन्नास हजारांवर डॉलर उभे केले. मंडळाची वर्गणी कमी पडली की ऑर्केस्ट्रा ठेवतात तसंच. पुढच्या वर्षी स्मारक खुलं झालं.

हे सगळं मी हिला कुजबुजत सांगत होतो. ही ऐकत नव्हती. टोकाच्या संगमरवरी भिंतीवर नावं कोरली आहेत आणि ही ती ओळीने वाचत होती. क्लेम्स खात्यातला माणूस अशी यादी वरून खाली बघतो आणि शेवटी बेरीज शोधतो. ही आडवी वाचत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "एकाच आडनावाची दोन-दोन, तीन-तीन आहेत इथं."

सख्खे भाऊ. एकाच नौकेवर भावांच्या तीसहून अधिक जोड्या होत्या. मी पुढे काही बोललो नाही. खाली पाण्यात गंजलेलं लोखंड दिसत होतं आणि त्यातून तेलाचा एक थेंब वर आला, पसरला, सप्तरंगी झाला, विरला. मग दुसरा. इतकी वर्षं झाली, तेल अजून येतंय. सकाळपासून पहिल्यांदाच मी घड्याळ बघितलं नव्हतं. हात रिकामे असले की माणसाला करायला काही उरत नाही. मग तो बघतो.

वेळ झाल्याची खूण झाली. बोटीत चढताना मी मागे वळलो. ठाणेकर माणूस कुठल्याही दारातून बाहेर पडताना वळतो तसा. हात अर्धा वर गेला आणि "ये—" तोंडातून निघालंच होतं, तेवढ्यात हिने माझं मनगट धरलं.

"अशा घरातून निघताना म्हणत नाहीत."

परत आलो तर बसच्या दारात ड्रायव्हर उभा होता. सकाळपासून प्रत्येक थांब्यावर "अलोहा" असं ओरडून आमच्याकडून तिप्पट मोठ्याने वदवून घेणारा तो माणूस या वेळी गप्प राहिला. नुसती मान हलवून एकेकाला आत घेत होता. एच-वनला लागल्यावर त्याने माइक न लावताच सांगितलं. त्या दिवशी जे खलाशी वाचले, त्यांच्यापैकी चाळीसहून अधिक जणांनी आपल्या अस्थी त्याच नौकेत ठेवायला सांगितल्या. कोणी नव्वदीत गेला, कोणी त्याच्याही पुढे. मुलंनातवंडं झाली, पण शेवटी आपल्या सोबत्यांत परत आले. पाणबुडे अस्थींचा कलश खाली न्यायचे आणि नौकेच्या पोटात ठेवायचे.

हिने पर्स मांडीवर घेतली, मूठ उघडली आणि किल्ली आत टाकली. तळव्यावर किल्लीचे दाते उमटले होते. मग आल्याची एक वडी काढून माझ्या हातावर ठेवली. एक मागच्या सीटवर दिली. दोन पुढे ड्रायव्हरला पाठवल्या.

हॉटेलपाशी आमचा थांबा आला. त्याने हिला हात देऊन खाली उतरवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "अलोहा, आंटी."

ही स्वच्छ मराठीत म्हणाली, "येते हं रे बाबा."

त्याला ते कळलं असावं. मी मात्र जरा काळजीत आहे. कारण ही नुसतं म्हणायचं म्हणून 'येते' म्हणत नाही, आणि राणीची गोधडी बघायची राहिली आहे.