येणारे-जाणारे

पुण्यात सकाळी चालणाऱ्यांचे तीन पंथ आहेत: पर्वतीवाले, सिंहगडवाले आणि टेकडीवाले. पर्वतीवाला गणिती असतो. पायऱ्या १०३, त्यांना चढल्या वेळांनी गुणायचं आणि आलेलं उत्तर दिवसभर भेटेल त्याला सांगायचं. सिंहगडवाला शूर. तो रविवारी अंधारात निघतो, घामाघूम होऊन गडावर पोचतो आणि तिथे पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही अशा बेताने खातो की उतरताना वजन चढतानापेक्षा जास्तच भरावं. टेकडीवाल्याकडे मात्र मिरवण्यासारखं काही नसतं. वेताळ टेकडी ही शहरातली सगळ्यांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, हे खरं. पण पुणं मुळातच साडेपाचशेवर बसलेलं, त्यामुळे त्यातलं बरंचसं श्रेय आपल्या पायांना मिळत नाही.

मी टेकडीवाला आहे आणि वर वहीवालाही आहे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त बारा महिन्यांवर बारा लेख आहेत, ते वाचून ज्यांना आपणही वही ठेवावी असं वाटलं, त्यांतला मी एक. वही म्हणजे एका सिमेंटच्या दुकानदाराने दिवाळीत दिलेली डायरी, पानापानाच्या तळाशी बांधकामाविषयी एक उपयुक्त सूचना असलेली. दुर्गाबाईंच्या नजरेला पालवीच्या तांब्यातल्या छटा दिसत. माझ्या वहीत नोंदी आहेत त्या अशा: ‘ढगाळ. गुडघा बरा.’ ‘मोर ओरडला. काठीवाले काका आले नाहीत.’ ‘वारा पश्चिमेचा. बिस्किटवाल्या काकूंचं आज कुणाशी भांडण नाही.’ (या काकू टेकडीवरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालतात, आणि कुत्री सोडून बाकी सगळ्यांचं त्यांच्याशी पटत नाही.) निसर्गाची म्हणून सुरू केलेली वही माणसांनीच भरत गेली. पण मागची पानं चाळली की ऋतू कधी पालटला ते त्यांतूनही नेमकं कळतं.

शाळेत शिकवलेले सहा ऋतू सरकारी क्वार्टर्ससारखे एका मापाचे होते, प्रत्येकी दोन महिने. टेकडी असं माप मानत नाही. दिवाळी सरली की एके दिवशी पहिली माकडटोपी दिसते आणि आठवड्याभरात सगळी टेकडी माकडटोप्यांनी भरते. या दिवसांत माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत, खोकल्यावरून ओळखावी लागतात. बोलणं एकाच विषयावर चालतं: पारा. शिवाजीनगरला किती आणि पाषाणला किती. पाषाणचा माणूस आदल्या रात्रीचा आकडा असा सांगतो की जणू ती थंडी त्यानेच रात्रभर जागून पाडली. मग कुणीतरी १९३५ सालच्या जानेवारीतला १.७ अंशांचा विक्रम काढतो. तो सांगणाऱ्याचा जन्म तेव्हा झालेला नसतो, पण दात मात्र वाजतात.

माघ सरता सरता गिरिपुष्प फुलतं. वनखात्याने टेकड्यांवर ही झाडं हारीने लावली. पानं झडून जातात आणि नुसत्या काठ्यांवर फिकट गुलाबी फुलांचे घोस येतात. दिसायला सुरेख, पण टेकडीवरच्या जाणकारांना हे झाड डोळ्यांसमोर नको असतं. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. त्याच्याखाली आपलं काही धड उगवत नाही, अशी त्यांची तक्रार. तक्रारीत तथ्य आहे. पण एकदा काठीवाले काका ऐन एकादशीला त्याच झाडाखाली उभे राहून परदेशी झाडांवर तावातावाने बोलत होते, तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, “काका, साबुदाणा, बटाटा, मिरची आणि शेंगदाणा हे चौघेही अमेरिकेतूनच आलेत. तुमच्या आजच्या खिचडीत देशी म्हणाल तर जिरं, आणि तेसुद्धा पश्चिमेकडून येऊन रुळलेलं.” काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “तूप आमचंच आहे ना?” त्यावर बोलायला जागा नव्हती.

त्याच सुमाराला पांगारा आणि काटेसावर लाल होतात आणि त्यांच्यावर भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना. हिचं माहेर मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात. भाद्रपदाच्या आगेमागे इकडे यायचं, ज्वारीवर आणि पांगाऱ्याच्या मधावर हिवाळा काढायचा आणि ऊन तापायच्या आत परत फिरायचं, असा तिचा क्रम. कलकलाट इतका की काकूंचं भांडणही ऐकू येऊ नये. घरी येऊन मी हे कौतुकाने सांगितलं, तर बायको म्हणाली, “भोरडी तरी वर्षातून एकदा गावाला जाते.” आमच्याकडे प्रवासाच्या विषयाला असं कुठूनही तोंड फुटतं. शेजारचे काश्मीर करून आले, समोरचे युरोप. दहा दिवसांत आठ देश पाहिल्याचे फोटो समोरच्यांनी आम्हाला अडीच तास दाखवले. मी एकाच टेकडीवर वर्षानुवर्षं जातो, याचं समर्थन करणं कठीण आहे हे मलाही कळतं. तरी माझं म्हणणं आहे की आपण एका जागी पुरेसा वेळ टिकून राहिलो तर जग आपल्या वाटेने येतं-जातं. फक्त हे म्हणणं घरात मांडायला योग्य मुहूर्त लागतो.

उन्हाळ्यात फारसं काही घडत नाही. निघायची वेळ अलीकडे सरकत जाते. गवताला वणवे लागतात, कुणाच्या तरी विडीने किंवा कुणाच्या तरी हौसेने. पावसाळ्यात लावलेली रोपं जगवायला माणसं पाच-पाच लिटरचे कॅन खांद्यावर टाकून चढतात. घरी पाण्याचा पेला उचलून न ठेवणारा गृहस्थ एका कडुनिंबासाठी रोज हमाली करताना मी पाहिला आहे. आणि याच दिवसांत टेकडीवरची ज्येष्ठ मंडळी एकेक करून दिसेनाशी होतात. घाबरायचं कारण नसतं. ती अमेरिकेला गेलेली असतात.

हे स्थलांतर पक्षिशास्त्राच्या पुस्तकात नाही, पण नियमाने मुळीच कमी नाही. एप्रिलच्या शेवटी निघायचं, म्हणजे इथला वैशाख टळतो. सहा महिने राहायची मुभा असते, म्हणजे तिकडचा बर्फ पडायच्या आत परतता येतं. नातवंडांच्या सुट्ट्या, सुनेची नोकरी, लेकीचं बाळंतपण यांच्या तालावर हा थवा न्यू जर्सी, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात विखुरतो. भोरडीला सोबत लोणचं, मेतकूट आणि गोडा मसाला न्यावा लागत नाही, एवढाच काय तो फरक.

तेवढ्यात वर आभाळ बदलू लागतं. मान्सून केरळात १ जूनला आणि पुण्यात साधारण १० जूनला, हे वेळापत्रक ज्यांनी ठरवलं ते हवामान खातं आमच्या शेजारीच. त्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. एवढं खातं दारात असूनही टेकडीचा खरा भरवसा पंचांगावर. मृगाचं वाहन यंदा काय? बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर चेहरे उजळतात. कोल्हा किंवा मेंढा निघाला तर छत्री नाही आणली तरी चालेल असं मानतात आणि हमखास भिजतात. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. म्हाताऱ्याची बाजू टेकडीवर सगळेच घेतात.

पहिली मोठी सर झाली की कातळाच्या खाचांतून काळ्या मुसळीची पिवळी फुलं जमिनीलगत चांदण्यांसारखी उघडतात आणि मातीवर मखमली लाल मृगाचे किडे फिरू लागतात. झुडपांत नवरंग शीळ घालतो, दोन सुरांची, सकाळी आणि संध्याकाळी. तो दक्षिणेकडून, थेट श्रीलंकेपर्यंतच्या रानांतून, घरटं करायला वर येतो. चातक त्याहून लांबून येतो, आफ्रिकेतून, पावसाच्या वाऱ्याला धरून. आपल्या कवींनी त्याला चोच वर करून थेंबाची वाट बघत बसवला. प्रत्यक्षात तो समुद्र ओलांडून आलेला असतो आणि आल्या आल्या सातभाईंच्या घरट्यात अंडी टाकायच्या उद्योगाला लागतो. वाट बघत बसतो तो मीच, खाणीजवळच्या झाडाखाली, गळकी छत्री धरून.

भाद्रपदात सर थांबली आणि ऊन पडलं की टेकडीच्या माथ्यावर पिवळसर चतुरांचे थवे तरंगतात. बोटभर लांबीचा किडा, पोरं त्याच्या शेपटीला दोरा बांधायची. मालदीवमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं की हे चतुर भारतातून निघून, मालदीव आणि सेशेल्स करत, हिंदी महासागरावरून पूर्व आफ्रिकेकडे जातात. पुढच्या पिढ्या पाऊस गाठत गाठत परत येतात. गेला तो परतत नाही, त्याचे नातू-पणतू परततात. हे वाचल्यापासून मी चतुरांकडे जरा मान देऊन बघतो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “व्हिसाशिवाय?” आणि दुसऱ्या दिवशी, पहिल्यांदाच, माझ्याबरोबर टेकडीवर आली. चतुर बघून म्हणाली, “हं.” हे ‘हं’ मी वहीत तारखेसह नोंदवलं आहे.

दसऱ्याच्या सुमाराला गेलेली माणसं परत येतात. ती लांबूनच ओळखू येतात, कारण बूट नवे असतात आणि इतके पांढरे की आम्ही ते तुडवायला टपलेलेच असतो. काठीवाले काका गेल्या खेपेला एडिसनहून आले. तिकडे फिरायची वाट कशी गुळगुळीत, बाक कसे जागोजागी, हे त्यांनी सांगितलं. पण सांगण्यात जीव नव्हता. तिथे समोरून येणारा प्रत्येकजण हसून पुढे जातो, उभं राहून वाद घालायला कुणी तयार नसतो. मी त्यांना समाधानासाठी म्हटलं, यंदा पाऊस बरा झाला काका, विशेषतः श्रावणात.

“बरा?” काका थांबले. “श्रावणाच्या पहिल्या पंधरवड्यात तुमच्या शिवाजीनगरला चार दिवस कोरडे गेले. त्यांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. तिकडे तेव्हा रात्रीचे अकरा. मी आकडा बघितल्याशिवाय झोपत नव्हतो. सुनेला वाटायचं मला जेट लॅग आहे, सहा महिने.”

मी वही काढली. श्रावणाची पानं पावसात भिजून एकमेकांना चिकटली होती, आणि वाचता येत होती ती फक्त तळाची सूचना: स्लॅबला पाणी भरपूर मारावे. काकांनी चष्मा लावून ती वाचली, खिशातून पेन काढलं आणि माझ्या वहीत श्रावण पहिल्यापासून सांगायला बसले.