पाव टनात बसणारा चाकू

चाकू घेताना तो किती रुपयांचा, हे विचारू नये. किती उसाचा, ते विचारावे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात मोटारसायकलपासून मंगळसूत्रापर्यंत सगळा हिशेब शेवटी टनावर येतो, मग खिशातल्या चाकूनेच काय घोडे मारले आहे? 2025-26 च्या हंगामाची उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे 3550 रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते, हे दुकानदाराला ऐकवण्यात अर्थ नाही. आणि सोमेश्वर कारखाना जास्त देणार की माळेगाव, हा विषय तर काउंटरवर काढूच नये. दिवस मावळतो आणि चाकू राहून जातो. तेव्हा ढोबळ माप असे. पाव टनाच्या, म्हणजे साधारण नऊशे रुपयांच्या आत बसतो तो परवडणारा चाकू. अर्ध्या टनापर्यंतचा हौसेचा. एका टनाच्या वर गेला की तो चाकू नव्हे, दागिना. तो कपाटात राहतो आणि त्याने कांदा चिरायला घेतला तर घेणाराच ओरडतो.

किंमत ठरली की जाहिराती बघणे बंद करावे. जाहिरातीतला माणूस देवदाराच्या जंगलात दाढी वाढवून बसलेला असतो आणि ओंडक्याचे पापुद्रे काढून शेकोटी पेटवत असतो. कोऱ्हाळ्यात पेटवायला पाचट आहे आणि खिशात काडेपेटी आहे. जाहिरातीत ज्याला 'आउटडोअर' म्हणतात त्याला इकडे रान म्हणतात. तिथे माणूस रोज जातो, आणि जाऊन आल्याचे फोटो टाकत नाही.

रानात चाकूला काम काय पडते, याची प्रामाणिक उजळणी करावी. ठिबकची सोळा मिलिमीटरची नळी काटकोनात कापणे, कारण तिरकी कापली की जोडात पाणी गळते. सुतळी तोडणे. बियाण्याची पिशवी फोडणे. स्टार्टरजवळ वायर सोलणे, जे आजवर दातांनी होत आले आहे आणि निदान वीज बंद करून व्हावे एवढीच अपेक्षा आहे. दुपारी बांधावर कांदा, काकडी, पेरू. खताच्या गोणीला खरे तर चाकू लागत नाही. शिवणीचा बरोबर दोरा हाती आला की अख्खी शिवण एका ओढीत सर्रकन सुटते. चुकीचा ओढला की गाठ आवळते आणि मग चाकू शोधावा लागतो. बरोबर दोरा कोणता, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि प्रत्येकाचा वेगळा असतो.

मोठी कामे चाकूच्या वाट्याला येतच नाहीत. गवताला विळा आहे, तणाला खुरपे, फांदीला सिकेटर, उसाला कोयता. कोयत्याची पत तर अशी की ऊसतोडीच्या बोलीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि एकटा माणूस 'अर्धा कोयता'. बीडकडून येणाऱ्या टोळ्यांची उचल याच मापाने ठरते. माणसे ज्या हत्याराच्या नावाने मोजली जातात त्याच्याशी खिशातल्या चाकूने बरोबरी करू नये. पुण्यात मात्र गुंडांच्या हाती पडून त्याच कोयत्याचे नाव खराब झाले. 2023 च्या सुरुवातीला कोयता घेणाऱ्याची आधार कार्डावर नोंद ठेवायला दुकानदारांना सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. नारळ फोडणाऱ्याने त्या वाचल्या असतील तर त्याचे काय झाले असेल, ते असो.

यावरून कायद्याकडे वळणे भाग आहे. शस्त्र नियमांच्या परिशिष्टात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे परवान्यात येतात. घरगुती आणि शेतीकामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणून खांद्यावर विळा टाकून माणूस उजळ माथ्याने हिंडू शकतो. बटन दाबताच फाटकन उघडणाऱ्या चाकूचे प्रकरण वेगळे. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेने बटनदार आणि गरारीदार चाकूंना 7.62 सेंटिमीटर लांबी व 1.72 सेंटिमीटर रुंदी अशी दशांशापर्यंत मोजलेली लक्ष्मणरेषा आखली. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली वेळोवेळी मनाईचे आदेश निघतात, तेव्हा सभेला, मोर्चाला, जत्रेला जाताना खिसा चाचपून जावे. सोपानकाकांची पालखी सासवडहून याच भागातून पंढरीला जाते. त्या दिवशीही चाकू घरी ठेवावा, पंगतीची भाजी आधीच चिरलेली असते.

बटनाच्या चाकूचा मोह ज्यांना सुटत नाही, त्यांच्यात रामपुरीची सिनेमातून लागलेली ओढ असते. 'वक्त' या 1965 च्या चित्रपटात राजकुमार समोरच्याने उपसलेल्या चाकूकडे बघून ही पोरांनी खेळायची वस्तू नव्हे, अशा अर्थाचे जे सुनावतो, ते त्या पिढीला पाठ आहे. खुद्द उत्तर प्रदेशातल्या रामपूरमध्ये साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आली आणि कारागिरांचे हात थंडावले. पुढे 2023 मध्ये त्याच शहराने चौकात वीस फुटी चाकू उभा केला. त्याची लांबी कोणी मोजायला जात नाही.

तेव्हा लांबी चार बोटे. आपल्याच हाताची चार बोटे जोडून पात्यावर आडवी ठेवावीत. पाते तेवढेच असावे, फार तर नखभर जास्त. तीन इंचांत कांदा, पेरू आणि ठिबकची नळी निघते. चार इंच झाले की मालक बांधावरच्या बाभळीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

खरी परीक्षा उसाच्या कांड्यावर. कोऱ्हाळ्यापासून फार दूर नसलेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने 'नीरा' या नावाने को 86032 हा वाण 1996 मध्ये दिला. त्याचे एक बोटभर जाडीचे नव्हे, चांगले मनगटासारखे कांडे घ्यावे. पेरावर पाते टेकवून, अंगठा मागे ठेवून साल ओढावी. पहिली साल लांब, सलग, ओल्या आवाजात निघाली तर धार ठीक. आता पेराच्या गाठीत पाते किंचित पिळावे. इथे स्वस्त चाकू बोलू लागतो. सांध्याच्या खिळ्यात बारीक 'टक' होते आणि पाते डावी-उजवीकडे डुलू लागते. ज्याचे पाते नवेपणीच डुलते, त्याचे सहा महिन्यांनी लोलक होते. दुकानात ऊस नसेल तर पात्याची पाठ चिमटीत धरून हलवून बघावे. दुकानदार 'साहेब, स्क्रू आवळून देतो' म्हणाला तर आभार मानून पुढच्या दुकानात जावे.

उघडलेले पाते अडकवून ठेवणारा खटका असावा की नसावा, यावर माणसे तावातावाने बोलतात. बिनखटक्याचा चाकू नुसत्या पट्टीच्या ताणावर उघडा राहतो. त्याच्या टोकाने काही टोचायला गेले की पाते उलटे मिटते आणि बोटे मध्ये असतात. खटक्याचा मिटत नाही, पण स्वस्तातला खटका हा निवडणुकीतल्या आश्वासनासारखा: लागला असे वाटते. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने 1891 मध्ये आपल्या सैन्याला पुरवलेले चाकू आणि 1897 मध्ये नोंदवलेला त्याचा प्रसिद्ध अधिकारी-चाकू, दोन्ही बिनखटक्याचेच, आणि ते सैन्य अजून बोटांसह शाबूत आहे. त्या अधिकारी-चाकूला बूच काढायचा नागमोडी स्क्रू असतो. कोऱ्हाळ्यात बुचाच्या बाटल्या कमी, पण म्हशीच्या दाव्याला बसलेली ओली गाठ सोडवायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. फ्रान्सच्या सावोया भागातल्या जोसेफ ओपिनेलने 1890 च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी केलेला लाकडी मुठीचा चाकू आणखी साधा. 1955 मध्ये त्याला फिरती कडी आली, ती फिरवली की पाते अडकते. मूठ पाण्याने फुगली की पाते आत रुतून बसते. मग तिकडचे शेतकरी मुठीचे बूड लाकडावर ठोकतात आणि पाते थोडे बाहेर येते. नांगराची पाचर ज्याने ठोकली आहे त्याला हे शिकवावे लागणार नाही.

लग्नात नवरदेवाच्या हातातल्या हत्याराच्या टोकाला लिंबू खोचतात. घडीच्या चाकूला तो मान देऊ नये. लिंबाचा रस सांध्यात उतरतो, आणि खटका नसेल तर मंगलाष्टके संपायच्या आत लिंबू खाली पडते.

पोलादाबद्दल थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण पात्यावर कोरलेल्या अक्षरांनी माणूस दबतो. '8 सीआर 13 एमओव्ही' असे दिसले तर घाबरू नये, शेकडा 0.8 च्या आसपास कार्बन, 13 च्या आसपास क्रोमियम, एवढाच त्याचा अर्थ. पाव टनात हे मिळाले तर सौदा चांगला. '420' लवकर गंजत नाही, पण धारही लवकर सोडते. 'डी 2' धार धरते, मात्र पुरते स्टेनलेस नाही. उसाचा रस, चिंच, लिंबू यांचे डाग अंगावर घेते. नुसतेच 'स्टेनलेस' लिहिले असेल तर भांड्यांच्या दुकानातही तेच लिहिलेले असते, हे लक्षात ठेवावे. गावोगाव फिरणारा घिसाडी ट्रकच्या जुन्या पाट्यातून जो विळा ठोकून देतो, त्याच्या पोलादाला यांतले बरेच चाकू हात जोडतील. पण त्याच्याकडे घडीचा चाकू मागितला तर तो मिटणारे हत्यार कशाला हवे, असे विचारतो, आणि या प्रश्नाला नीट उत्तर नाही.

आता मुख्य मुद्दा, जो माहितीपत्रकात कधीच नसतो. चाकू झिजत नाही, हरवतो. कोणीतरी म्हणतो, 'पाव्हणं, जरा चाकू द्या की.' धारेची वस्तू हातात हात देऊ नये, भांडण होते, अशी जुनी समजूत; म्हणून तो खाली ठेवला जातो. घेणारा उचलतो, काम करतो, तोही समजूत पाळणारा, तोही खाली ठेवतो. खाली पाचट असते. आडसाली लागण असेल तर तो चाकू सोळा-अठरा महिन्यांनी, तोडीच्या वेळी उजेडात येतो, आणि तेव्हा मालक दुसरा वापरत असतो. सबब पुढील गोष्टी सक्तीच्या. मूठ भडक केशरी किंवा लाल. लाकडी आणि खाकी मूठ पाचटात पाचट होऊन जाते. पाते स्टेनलेस. बुडाला भोक, भोकात दोरी, दोरीचे दुसरे टोक करदोड्याला. आणि किंमत अशी की दोन-तीनदा हरवला तरी जेवण जावे. पाव टनाची मर्यादा घातली ती एवढ्यासाठीच.

इंदापूरकडच्या डाळिंबवाल्यांसाठी एक खरीखुरी सूचना, तिच्यात विडंबन नाही. गुटी कलम बांधताना सालीचे कडे काढायला लागणारा किंवा डोळे भरायला लागणारा चाकू वेगळा ठेवावा. तेल्या रोगाचे जिवाणू हत्यारावरून या झाडाचे त्या झाडाला जातात. म्हणून छाटणी-कलमाचे पाते दर झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायला सांगतात. ते द्रावण स्टेनलेसलाही बारीक खड्डे पाडते, तेव्हा संध्याकाळी पाते पाण्याने धुऊन पुसावे. त्याच चाकूने दुपारचा कांदा चिरू नये.

देखभालीत लोक दोन चुका करतात. पहिली खोबरेल तेलाची. थंडीत खोबरेल थिजते आणि पहाटे दारे धरायला गेलेल्याचा चाकू उघडत नाही. शिलाई मशीनचे तेल घालावे, एक थेंब. उसाचा रस सांध्यात वाळला असेल तर आधी गरम पाण्यात बुडवावा. दुसरी चूक, सायकलवाल्या धारवाल्याकडे देणे. त्याच्या चाकाच्या ठिणग्या बघायला छान, पण पाते निळे पडले की त्याचे पाणी उतरलेच. घरचा निसणा ओला करावा, पात्याची पाठ दगडापासून अर्धे बोट उचलावी आणि दोन्ही अंगांनी सारख्याच हाताने पाजळावे. अंगठ्याच्या नखावर धार घसरली नाही, रुतली, की झाले.

शेवटी एक विनंती. पाचट कुट्टी करायला यंत्र लावण्यापूर्वी रानातून एक चक्कर मारावी. केशरी मुठीचा, चार बोटे पात्याचा, दोरी तुटलेला चाकू दिसला तर उचलून बांधावर ठेवावा. कुट्टीच्या यंत्राची पाती पाव टनात येत नाहीत.