सांबारला दहापैकी दोन

पुण्याला तत्त्वज्ञान घेऊन मी बी.ए. झालो तो गाईड आणि पुरवण्यांच्या जोरावर. परीक्षक गठ्ठा हातात तोलून मार्क देतात, एवढीच आमची ज्ञानमीमांसा. त्यामुळे चेन्नईत, अड्यारला राहणाऱ्या भाचीला आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमात ‘थिअरी ऑफ नॉलेज’चा निबंध आहे हे कळताच मी न बोलावता मदतीला हजर झालो.

“मामा, माझ्या निबंधाला हात लावायचा नाही. आमच्या टीचरसुद्धा एकाच कच्च्या खर्ड्यावर अभिप्राय देतात, दुरुस्त्या करत नाहीत. हौस असेल तर तू तुझा लिही, मी तपासते.”

आयबीने दिलेल्या सहा विषयांतला एक निवडायचा, त्यातला शब्दही बदलायचा नाही. मर्यादा १६०० शब्दांची, पुढचं परीक्षक वाचतच नाही. म्हणजे पुरवणीची सोयच नाही! मला मात्र भाचीने घरगुती विषय दिला : पुराव्याशिवाय ज्ञान असतं का?

मी सांबार घेतलं. तंजावरला शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, आमटीत चिंच पडली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावाने सांबार जन्मलं, हे मी असं रंगवलं की जणू पंक्तीत मीच वाढत होतो. वर शंकराचार्य, तुकोबा आणि आइनस्टाइन यांची फोडणी.

“हे कशावरून?” भाचीने पेन्सिल टेकवली.

“सगळ्यांना माहीत आहे.”

“सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतले कागद आहेत. त्यांत आहे?”

तंजावरला मी गेलो होतो, पण सगळा वेळ समोरच्या हॉटेलात सांबार ओरपण्यात गेला होता. तेवढ्यात शेजारच्या पाट्टी, म्हणजे आजीबाई, आल्या. “आमचं चिंचेचं पुळिकुळंबू त्याच्याही आधीचं,” त्यांनी ठणकावलं. कशावरून? त्यांच्या आजीने सांगितलं होतं.

“दोघांनाही दोन,” भाचीने निकाल दिला.

अक्षराला, अवतरणांना, थोरांच्या नावांना इथे वेगळे मार्क नसतात. परीक्षक एकच बघतो : विषयाचा स्पष्ट, सुसंगत आणि चिकित्सक शोध घेतला आहे का? त्यावरून एकत्रित १० पैकी गुण. वरच्या पायरीवर नेमकी उदाहरणं आणि दुसऱ्या बाजूचं मूल्यमापन लागतं. सगळ्यात खालच्या, एक-दोन गुणांच्या पायरीवर नुसती वर्णनं आणि बिनबुडाची विधानं. माझ्यासाठीच बांधलेली जणू! ‘थिअरी ऑफ नॉलेज’च्या एकूण गुणांत दोन-तृतीयांश वाटा या निबंधाचा, उरलेला तीन वस्तू मांडून केलेल्या प्रदर्शनाचा. आणि ‘थिअरी ऑफ नॉलेज’मध्ये ‘ई’ श्रेणी आली, तर बाकी सगळं उत्तम असूनही डिप्लोमा मिळत नाही.

तेव्हा तमाम मामालोकांना विनंती : घरात आयबीचं पोर असेल तर इतिहास सांगण्याआधी कागद तपासून या. तिथे वयाचा मान ठेवून ग्रेस मार्क देत नाहीत.